भंडारदरा, वसंतरावांसह

भंडारदऱ्याला कधी जावं, कुठल्या रस्त्यानं जावं, उतरावं कुठं, हे मला विचारणारे पुष्कळ भेटतात. कोणाबरोबर जावं हे मात्र कोणी विचारत नाही. डोंगर, पाणी, हवा या गोष्टी आपापल्या जागी ठीकच असतात, त्या बदलत नाहीत. गाडीत शेजारच्या सीटवर कोण बसलंय त्यावर सगळं ठरतं. माझ्या शेजारी वसंतराव होते.

वसंतराव माझे साडू. माझी बायको सुनंदा, तिची थोरली बहीण नलूताई, आणि नलूताईंचे हे यजमान. पुण्यात एका मोठ्या सोसायटीत राहतात. सोसायटीचा वॉचमन, दूधवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा आणि वरच्या मजल्यावरचं तान्हं मूल, या सगळ्यांविरुद्ध त्यांनी कधी ना कधी तक्रार केलेली आहे. माणूस वाईट नाही. कोणाचं बुडवलं नाही, कोणाला फसवलं नाही. जग आपल्यासाठी तयार केलेलं आहे आणि ते नीट तयार केलेलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमच्याकडे ते सहा वर्षं आले नव्हते. आम्ही भिंगारला राहतो, लष्कराच्या हद्दीला लागून. पहाटे तिकडं बिगुल वाजतो. आम्हाला तो ऐकूही येत नाही, इतकी सवय झाली आहे. मागच्या खेपेला वसंतरावांची झोप त्यानं मोडली, तेव्हा चहा घेताना ते मला गंभीरपणे म्हणाले की मी लष्कराशी बोलून बिगुल तासभर पुढं ढकलून घ्यावा. सुनंदाला हसू आवरलं नाही. झालं. नाश्त्याच्या बशा भरलेल्या तशाच राहिल्या आणि वसंतराव नलूताईंना घेऊन पुण्याच्या गाडीत बसले. त्यानंतर दोघी बहिणींचं बोलणं फोनवर, तेही वसंतराव भाजी आणायला गेले की.

यंदा दिवाळीनंतर नलूताईंनी स्वतःहून फोन केला. त्यांचे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि काही वर्षं भंडारदऱ्याच्या वसाहतीत राहिले होते. दोघी बहिणी तिथं पाण्याकाठी वाढल्या. नलूताई म्हणाल्या, "सुनी, गुडघे आता साथ देत नाहीत. एकदा ते घर बघून येऊ." सुनंदानं फोन ठेवला आणि मला बजावलं की वसंतराव काहीही म्हणाले तरी मी हो म्हणायचं, आणि हसायचं तर मुळीच नाही. ही संधी हुकली तर पुढची कधी, याचा भरवसा नव्हता.

राहुरी, संगमनेर, राजूर

नगर सोडलं (आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ अजून वळत नाही) आणि एसी सुरू होता म्हणून वसंतरावांचं नाक चोंदलं. बंद केला तर उकडलं. काच खाली केली तर धूळ आली. राहुरीच्या पुढं उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो तेव्हा, मी आधी चौकशी करून का निघालो नाही, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. या प्रश्नाला हो हे उत्तर बसत नाही हे मला कळत होतं, पण मला तेवढंच सांगितलेलं होतं.

संगमनेरच्या पुढं चहा घेतला. पहिला गोड झाला म्हणून परत गेला, दुसरा फिका झाला म्हणून परत गेला. तिसरा कप आणून टपरीवाला तिथंच हात बांधून उभा राहिला, निकाल लागल्याशिवाय जायला तयार नव्हता. वसंतरावांनी घोट घेतला आणि कप लहान आहे म्हणाले. नलूताईंनी आपला चहा संपवला, टपरीवाल्याकडं बघून मान हलवली आणि गाडीत जाऊन बसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्या हेच शिकलेल्या दिसत होत्या. नवरा बोलायला लागला की पर्स घ्यायची आणि गाडीत जाऊन बसायचं.

अकोले तालुका लागला की मुलूख बदलतो. आमच्याकडं, म्हणजे नगरच्या पूर्वेला, जमीन उघडी आणि आभाळ कोरडं. बाजरी निघाली की शेतात फक्त धसकटं राहतात. इकडं रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिवळा झालेला, कापणी चाललेली, आणि प्रवरा खळखळ वाहत असते. खाली राहुरीकडं तिचं पाणी कालव्यातून येतं आणि त्यावरून भांडणं होतात. इथं ती मोकळी दिसली की हातपाय धुवून घ्यावेसे वाटतात. राजूरला पेढे घेतले. तिथला पेढा खरपूस, खव्याचा, वेलची बेताची. वसंतरावांनी चार खाल्ले आणि दूध जरा लागलंय म्हणाले.

घाटातून वर आलो तर कळसूबाईच्या माथ्यावर ढग बसलेला. मी गाडी थांबवली. वसंतराव खाली उतरून बराच वेळ बघत राहिले.

"शिखर दिसत नाही," ते म्हणाले.

"ढग आलाय," मी म्हणालो.

"ते मला दिसतंय. तुम्ही फोन करून विचारलं होतं ना?"

मी मागं वळून सुनंदाकडं बघितलं. तिनं ओठ दातांत धरले होते आणि खिडकीतून भलतीकडंच बघत होती.

वाडीत

आमची राहायची सोय जलाशयाच्या पलीकडच्या एका वाडीत होती. चांगुणाबाई नावाची एक बाई आहे, चाळिशीच्या पुढची. नवरा भातशेती करतो. घरामागं दोन खोल्या बांधून तिनं पाहुणे ठेवायला नुकतीच सुरुवात केलेली. अंगण सारवलेलं, पलीकडं नाचणीची कणसं वाळत घातलेली, आणि अंगणात उभं राहिलं की सबंध जलाशय पायाशी. दोघी बहिणी गाडीतून उतरून नुसत्या उभ्या राहिल्या. नलूताई एका बाजूला बोट दाखवून काही सांगू लागल्या होत्या, तेवढ्यात खोलीतून आवाज आला, "पंखा चालत नाही."

चांगुणाबाईनं पदर खोचत सांगितलं, की वाडीचा डीपी जळाला आहे. डीपी म्हणजे खांबावर बसवलेलं ते विजेचं मोठं डबडं, सगळ्या वाडीला त्यातून लाईट मिळते. तीन आठवडे झाले. पंप बंद, त्यामुळं नळाला पाणी नाही. गिरणी बंद, त्यामुळं दळणाला राजूरला जावं लागतं. आम्हाला कळवायला तिचा फोनही चार्ज नव्हता. खाली एवढं धरण भरलेलं, आणि बाया डोक्यावर हंडे घेऊन त्याच पाण्याला उतरत होत्या. ही गोष्ट संतापण्यासारखी होती आणि वसंतराव संतापलेही, पण अंघोळीला गरम पाणी बादलीतून येणार म्हणून.

रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी, खुरासणीची चटणी, हुलग्याचं कढण आणि इकडचा वासाचा काळभात होता. आमच्या बाजरीच्या तोंडाला तांदळाची भाकरी आधी मऊमऊ, फारच साधी वाटते. तिसऱ्या घासाला तिची गोडी कळते. मी कढण पुन्हा मागून घेतलं. वसंतराव म्हणाले भाकरी पांढरी आहे, चटणी काळी आहे आणि कंदिलाच्या उजेडात आपण काय खातोय ते कळत नाही. रंग कसे कळले, हे मी विचारलं नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की सकाळी उठून निघायचं. इथं राहण्यात अर्थ नाही, ही फसवणूक आहे, आणि पुण्याला गेल्यावर ते या जागेबद्दल इंटरनेटवर असं लिहिणार आहेत की पुन्हा इथं कोणी पाय ठेवणार नाही.

नलूताई म्हणाल्या, "अहो, मला ते घर बघायचं होतं." एवढंच. वसंतराव म्हणाले, घर काय, पडलंही असेल एव्हाना. नलूताई पर्स घेऊन खोलीत गेल्या. सुनंदा भांडी आवरायच्या निमित्तानं चुलीकडं गेली आणि तिथं रडली. चांगुणाबाई तिच्या शेजारी बसून भांडी घासत होती. तिनं रडण्याचं कारण विचारलं, आणि सुनंदानं तिला बिगुलापासून सगळं सांगून टाकलं. हे मला नंतर समजलं.

सकाळी वसंतराव बूट घालून, बॅग मांडीवर घेऊन अंगणात खुर्चीवर बसले होते. मी गाडी पुसत होतो, होईल तितकी हळू. चांगुणाबाईनं त्यांना चहा दिला आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसली. वसंतरावांनी सुरुवात केली. पाणी, पंखा, डास, उशी, रात्रभर ओरडणारा कुठला तरी पक्षी. माणसं अशा वेळी मध्येच काहीतरी सबब सांगतात, किंवा उठून जातात. ही बाई हनुवटीला हात लावून ऐकत राहिली. वसंतराव थांबले, तेव्हा तिनं विचारलं, "आनखी?"

वसंतराव गोंधळले. आयुष्यात त्यांना हे कोणी विचारलेलं नसावं. त्यांनी आणखी थोडं सांगितलं. तेही संपलं.

मग ती म्हणाली, "सायेब, तुमच्यावानी बोलनारा मानूस आमच्या वाडीत एक बी न्हाई. आमी तालुक्याला सांगाया जातो, आन् त्यांचंच ऐकून माघारी येतो. आज तुमी आमच्या संगं चला."

"मी इथं फिरायला आलोय," वसंतराव म्हणाले.

"व्हय. पन तुमाला फिराया आवडलं कुटं?"

मी फडकं पिळत होतो, तो पिळतच राहिलो. वसंतरावांनी कप खाली ठेवला. चहाबद्दल ते काही बोलले नाहीत हे माझ्या लक्षात आलं. मग त्यांनी बॅग मांडीवरून काढून खाली ठेवली आणि विचारलं, "कचेरी किती वाजता उघडते?"

तालुक्याच्या गावी

गाडीत मी, वसंतराव, चांगुणाबाई आणि वाडीतल्या आणखी दोन बाया. चांगुणाबाईचा दीर आपला पिकअप टेम्पो घेऊन मागून येणार होता. बहिणींना येऊ नका म्हणून चांगुणाबाईनंच सांगितलं, गाडीत जागा न्हाई म्हणून.

विजेच्या कचेरीत एक तरुण अभियंता होता. बिचारा सभ्य होता, आणि मला वाटतं तेच त्याला नडलं. त्यानं सांगितलं, यादी आहे, यादीप्रमाणं काम होईल. बायांना हे वाक्य पाठ होतं, त्या उठायलाही लागल्या. वसंतराव मात्र खुर्चीवर बसून राहिले आणि म्हणाले, ही खुर्ची डुगडुगते.

खुर्ची बदलली. दुसरीला हात नव्हते. पाणी मागवलं. पाण्याला वास येत होता. समोरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं, ते का, असं त्यांनी विचारलं. एका शिपायानं उठून पान उलटलं. घड्याळ मागं होतं. खिडकीची एक काच फुटलेली होती. ती कधी फुटली, कोणी फोडली, याची नोंद आहे का? प्रत्येक तक्रारीच्या शेवटी, जणू आठवलं म्हणून, ते विचारायचे, "आणि डीपीचं काय?"

आवाज एकदाही चढवला नाही. मी त्यांना अनेक वर्षं ओळखतो, पण त्यांच्या तोडीचं काम त्यांना मिळालेलं कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरी किंवा चहाच्या टपरीवर तेच बोलणं भिंतीतून ठिबकणाऱ्या पाण्यासारखं वाटायचं. इथं मला ते पुनःपुन्हा ऐकावंसं वाटलं. दोन्ही बाया टक लावून बघत होत्या. एक दुसरीला हळूच म्हणाली, "लई भारी हाय गं."

हळूहळू बातमी बाहेर आली. डीपी आलेला होता. मागच्या आवारात पडून होता. पण न्यायला गाडी नव्हती. चांगुणाबाई म्हणाली, आमचा टेम्पो दाराशी उभा आहे. मग चढवायला माणसं नव्हती. ती म्हणाली, माणसं टेम्पोत बसली आहेत. मग वायरमन रजेवर होता. वसंतराव म्हणाले, ठीक आहे, तो येईपर्यंत मी बसतो, फक्त हा पंखा जरा आवाज करतो.

जेवणाची सुट्टी झाली तरी ते उठले नाहीत. अभियंत्यानं मला खुणेनं बाहेर बोलावलं.

"हे साहेब इकडं किती दिवस आहेत?"

"डीपी बसेपर्यंत," मी म्हणालो.

तो थोडा वेळ आवारातल्या डीपीकडं बघत उभा राहिला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि वायरमनला रजेवरून बोलावून घेतलं.

दिवेलागण

सूर्य डोंगराआड जाताना वायरमन खांबावरून उतरला. सगळी वाडी खाली जमलेली. त्यानं काहीतरी ओढलं आणि घराघरांत दिवे लागले. कोणाचातरी टीव्ही, चालू राहिलेला, मध्येच बोलायला लागला. कोपऱ्यावरची गिरणी घरघरली, आणि बाया लगोलग धान्याच्या पिशव्या आणायला घरी पळाल्या.

वसंतरावांना खुर्चीवर बसवून नारळ दिला, शाल घातली. कोणीतरी म्हणालं, सायबांनी दोन शब्द बोलावेत. वसंतराव उभे राहिले. शालीचं टोक नीट केलं. समोर एवढी माणसं त्यांच्याकडं आनंदानं बघत होती. थोड्या वेळानं ते "बरं, बरं," म्हणाले आणि खाली बसले.

तेवढ्यात दोघी बहिणी पाण्याकडून वर आल्या. साड्यांच्या कडा ओल्या, केसांत गवताची कुसळं. वाडीतल्या एकाच्या होडीनं पलीकडं जाऊन त्यांनी जुनी वसाहत शोधली होती. घराचं छप्पर गेलं होतं, पण पायरी शाबूत होती. दिवसभर त्या त्या पायरीवर बसल्या होत्या, बरोबर नेलेली भाकरी तिथंच खाल्ली, आणि मग पाण्यात पाय सोडून बसल्या. काय बोललात, असं मी सुनंदाला विचारलं. तिला आठवेना. लहानपणची एक शेळी, आईचा मार, असलंच काही. सांगताना ती मधूनच हसत होती.

नलूताईंनी नवऱ्याला शाल पांघरून गप्प बसलेलं बघितलं आणि घाबरून मला बाजूला घेतलं. "यांना बरं नाही का?" त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

चुलीपाशी मी चांगुणाबाईचे आभार मानले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "डीपीचं काम हुतंच. पन त्या ताईस्नी बी एक दिस मोकळा पायजे हुता."

परत

निघायच्या सकाळी अंगणात माणसं बसलेली दिसली. आजूबाजूच्या वाड्यांवर बातमी गेली होती, की चांगुणाच्या घरी पुण्याचे एक साहेब आले आहेत आणि ते तक्रार घेऊन जातात. वसंतराव शाल घेऊन खुर्चीवर बसले आणि एकेक ऐकू लागले. एकाचा पुतण्या ऐकत नव्हता. एकीच्या शेजारणीच्या कोंबड्या हिच्या नाचणीत शिरत होत्या. देवळाचा भोंगा एकाला फार मोठा वाटत होता आणि त्याच्या भावाला ऐकूच येत नव्हता. एका म्हाताऱ्याच्या आंब्याला मोहोर धरत नव्हता. वसंतराव आधी उत्साहानं प्रश्न विचारत होते. मग नुसतं हूं म्हणू लागले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखली. आमच्या जेवणाच्या टेबलावर माझीच असायची.

राजूरला पेढ्याच्या दुकानासमोरून जाताना वसंतराव एकदम म्हणाले, "लोकांना ना, कशातच समाधान नसतं. जरा ऐकून घेतलं की कुरकुर सुरू. आंब्याला मोहोर नाही, यात मी काय करू शकतो?"

मी हो म्हणालो. या वेळी ते बसलं.

भिंगारला पोचायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना पुण्याला जायचं होतं. चहा घेताना नलूताई म्हणाल्या, "मी आठ दिवस राहते सुनीकडं. तुम्ही व्हा पुढं." विचारल्यासारखं नव्हतं ते. वसंतराव तोंड उघडणार, तोच त्यांचा फोन वाजला. कोंबड्यांवाली बाई होती. वाडीत सगळ्यांचे फोन आता चार्ज झालेले होते. ते बोलत बोलत व्हरांड्यात गेले, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत नलूताईंनी त्यांची एकट्याची बॅग भरून दाराशी ठेवली होती. मी त्यांना स्टँडवर सोडून आलो. खिडकीची जागा उन्हाची आली होती.

संध्याकाळी त्यांचा नलूताईंना फोन आला. दूध नासलं होतं, लिफ्ट बंद होती, जिने चढून दम लागला होता, आणि वरचं मूल रडत होतं. नलूताईंनी थोडं ऐकलं. मग फोनचा आवाज मोठा करून तो तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला, सुनंदाच्या पुढ्यातली मेथीची अर्धी जुडी आपल्याकडं ओढली आणि दोघी निवडायला लागल्या. नलूताई मधूनमधून डब्याच्या दिशेनं "हं" म्हणत होत्या. फोन बंद झाला तेव्हा मेथी निवडून, धुवून, चिरूनसुद्धा झाली होती.